भीमेच्या उगमाकडची माशी

(दृश्य : सांगोल्याची डाळिंबाची बाग, सकाळचं कोवळं ऊन)

फेब्रुवारी सरत आलाय. सांगोल्याच्या माळावर डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा, लालबुंद फुललाय. ऊन जरा तापलं, की बांधावरच्या पेट्यांतून माश्या निघतात. ही मधमाशी मेलिफेरा जातीची, मूळची युरोपातली. बागायतदारानं ती ठेवलीय सेटिंगसाठी, म्हणजे फुलातून फळ धरावं म्हणून. मध मिळाला तर वरकड.

(दृश्य : पेटीचं दार, अगदी जवळून)

तिच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या दिसतात. दाराशी बारीक भोकांची जाळी लावली, की आत शिरताना त्या निसटून खालच्या ट्रेमध्ये पडतात. केशरी, पिवळ्या, एखादी हिरवट. जसं फूल, तसा रंग. ओलसर राहिल्या तर बुरशी धरते, म्हणून लगेच वाळवायच्या.

पण हा पराग म्हणजे पोळ्यातल्या पिल्लांचा घास. जाळी कायम ठेवली, तर पिल्लं उपाशी राहतात. जाणता मधपाळ ती थोडा वेळ लावतो आणि काढून ठेवतो. मला या धंद्यातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

(दृश्य : उजनीचा जलाशय, मग भीमाशंकरचं धुकं)

सोलापूरच्या नळाला उजनीचं पाणी येतं. उजनीत भीमेचं, आणि भीमा निघते भीमाशंकरच्या रानातून. हे रान १९८५ पासून अभयारण्य आहे. तिथं हिरडा, जांभूळ फळतात ते सातेरी आणि आग्या या देशी मधमाश्यांच्या जिवावर. माशी फिरली तर फळ धरतं, बी पडतं, रोप उगवतं. हिरडा गोळा करून तिथल्या कितीतरी महादेव कोळी घरांची चूल पेटते.

आग्या मोहोळ झाडायला रात्री मशाल पेटवतात. माश्या होरपळतात. वाळल्या गवतात ठिणगी पडली, तर वणवा. सातेरी मात्र पेटीत रुळते. चौकटी मधयंत्रात फिरवून मध काढायचा, पोळं माश्यांना परत द्यायचं. महाबळेश्वरजवळचं मांघर याच जोरावर २०२२ साली ‘मधाचं गाव’ झालं. ज्याच्या पेट्या रानात आहेत, त्याला तिथलं फुलतं झाड तोडून कसं चालेल?

(दृश्य : पुन्हा सांगोला, दिवस कलतोय)

माळावरच्या माणसानं काय करायचं? फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळायची, त्यानं माश्या मरतात. अगदीच गरज पडली, तर दिवस मावळल्यावर.

बांधावर पंप भरून ठेवलाय. शेतकरी पेटीकडे बघत बसलाय. अजून दोन-चार माश्या यायच्या आहेत.