खडकातल्या पाण्याचा भाव

मंडळी, भाव लावला की जमिनीतलं पाणी वाचेल का, हा आजचा प्रश्न. बाजाराच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आधी मांडतो, कारण तो मला नाकारता येत नाही. १९८० साली अमेरिकेत पैज लागली. जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिक यांचं म्हणणं, लोकसंख्या वाढतेय, धातू महागणारच. अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन म्हणाले, भाव चढला की लोक नव्या खाणी शोधतील, भंगार वितळवतील, पर्याय काढतील. तांबं, क्रोमियम, निकेल, कथील, टंगस्टन असे पाच धातू ठरले. दहा वर्षांनी, महागाई वजा जाता, भाव उतरले होते. अर्लिक यांनी ५७६ डॉलरचा चेक मुकाट पाठवला. दहा वर्षं दुसरी निवडली असती तर निकाल उलटा लागू शकला असता, हेही खरं. पण ते राहू द्या.

आता हाच न्याय पाण्याला लावा, असं सांगणारे भेटतात. भाव लावा, नासाडी आपोआप थांबेल! बरं, मग आपण बोअर घेऊ.

पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेतात फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे खूण. मग गाडी येते, कॉम्प्रेसर धडधडतो, राखाडी भुकटी उडते आणि मालक ती चिमटीत धरून ओल लागते का बघत राहतो. आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या पाषाणावर बसलाय. पाणी थोडं वरच्या मुरमात, बाकीचं खालच्या भेगांत. दोनशे फुटांना लागलं नाही तर चारशे, आणि खोल जाल तसा फुटाचा दर वाढतो. लागलं, तर कधी कधी शेजाऱ्याची विहीर आटते. मग तोही गाडी बोलावतो.

या सगळ्यात भाव कशाकशाला आहे बघा. गाडीला आहे, केसिंगला आहे, मोटरीला आहे, मे महिन्यात टँकरला तर विचारूच नका. नाही तो फक्त खडकातल्या पाण्याला. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी, की ज्याची जमीन त्याचा उपसा. त्यामुळे टंचाईत टँकरचा भाव चढतो आणि उपसा कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. तांब्याच्या खाणीचा मालक भाव पडला तर माल जमिनीत ठेवतो, पुढच्या वर्षी तो तिथेच सापडतो. आपण राखलेलं पाणी शेजारच्या बोअरमधून निघून जातं. जो राखतो तोच खुळा ठरतो.

यावर कुणी म्हणेल, इथे मुक्त बाजार आहेच कुठे? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४पासून वीज मोफत, उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच किमान दर, तुरीच्या हमीभावाला मात्र कित्येक वर्षं खरेदीची शाश्वती नव्हती. आक्षेप रास्त आहे. ऊस वाढवला तो या धोरणांनी, आणि ती बदलायला हवीत. पण समजा, उद्या विजेला पुरता दर लावला. टँकरवाला बिल भरून उपसत राहील. दोन एकरवाला आधी थांबेल. विहीर तरीही आटेलच.

पुरंदर तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी एकरावर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटलं. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. हिवरे बाजारची गोष्ट तुम्हाला पाठ असेल, म्हणून त्यातलं एकच सांगतो. पाऊस किती झाला ते मोजून गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी माणसं आणि जनावरं, मग पिकं. पाऊस कमी, तर रब्बीचं क्षेत्र कमी. शेतीसाठी बोअर नाही. आता गंमत बघा, तिथला कांदा आणि दूध बाजारातच विकलं जातं. बाजाराशी त्यांचं वैर नाही. फक्त उपसा किती, हे बाजाराला विचारत नाहीत.

कायदाही झालाय. भूजलाचा २००९चा राज्य कायदा वाचा, पीक नियोजनापर्यंत सगळं त्यात आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, त्यातली एक नोंद ऑक्टोबरची. रब्बीच्या पेरणीआधी हा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा, एवढी मागणी तुम्ही तुमच्या गावात करू शकता. वाचल्यावर भांडणं होतील. ती ग्रामसभेतच व्हायला हवीत.