ब्लमाँज : सिंथ दोघांचे, ठेका तिसऱ्याचा

[दृश्य : टेपरेकॉर्डर, ब्लेड, चिकटपट्टी]

पाव इंच रुंदीची ही टेप सेकंदाला साडेसात इंच धावते. दोन सेकंदांचा आवाज गोल फिरवत ठेवायचा, तर १५ इंच तुकडा कापायचा आणि टोकाला टोक जोडायचं. ब्लेड तिरकं धरायचं, ४५ अंशांत. सरळ काप दिला तर जोड टेप वाचणाऱ्या हेडवरून सरकताना दर फेरीला 'टक्' ऐकू येतं. टेप सैल राहिली की सूर डोलतो, म्हणून शेजारी माइकचा स्टँड उभा करून टेप त्याच्याभोवती ताणून घ्यायची.

१९७९ च्या सुमारास लंडनमध्ये महागडा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर निर्माण करणारा सिंथ, परवडत नसेल, तर हा उद्योग घरच्या घरी करता येत असे. ब्लमाँज या ब्रिटिश सिंथ-पॉप बँडचे हे दोघं: नील आर्थर लँकेशायरच्या डार्वन गावचे, स्टीफन लस्कम पश्चिम लंडनचे. हॅरोच्या आर्ट कॉलेजच्या वर्तुळात दोघं जमले. नील गाणार, स्टीफन कीबोर्ड सांभाळणार. १९८० मध्ये 'आयरीन अँड मेव्हिस' ही ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी, आली. १९८१ च्या 'सम बिझार अल्बम' या संकलनात त्यांचं एक गाणं निघालं. त्याच तबकडीवर डिपेश मोड आणि सॉफ्ट सेल हे पुढे गाजलेले बँडही होते. मग लंडन रेकॉर्ड्सशी करार झाला.

[दृश्य : 'हॅपी फॅमिलीज'चं मुखपृष्ठ]

माणसांसारखे कपडे घातलेली ही मांजरं १९८२ च्या पहिल्या अल्बमवरची. निर्माते माइक हाउलेट, म्हणजे गाँग या बँडचे जुने बासवादक. याच अल्बममधलं 'लिव्हिंग ऑन द सीलिंग' ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेलं. रेडिओसाठी त्यातला 'ब्लडी' हा शब्द काढून 'कुकू' घातला, असला किस्सा सगळे रंगवून सांगतात. त्या गाण्यात सतार दीपक खजांची यांची आणि तबला पंडित दिनेश यांचा आहे, हे मात्र घाईत सांगितलं जातं.

[दृश्य : तबला, हातोडी, जवळून]

तबला आणि यंत्र एकत्र वाजवायचं, तर काम सुरू होतं सुरापासून. आधी सिंथ चालू करून अर्धा तास तापू द्यायचा. जुन्या अ‍ॅनालॉग सिंथचे ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे भाग, गरम होता होता सुरावरून सरकतात. थंड यंत्राला तबला लावला, की दुसऱ्या टेकला, म्हणजे दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रण करताना, दोघांचं फाटलंच. सिंथ स्थिरावला की गाण्याचा षड्ज धरून दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, लावायचा. सूर बराच खाली असेल तर बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून खाली सरकवायचे, म्हणजे वाद्या (चामड्याच्या पट्ट्या) ताणल्या जातात. थोडाच फरक असेल तर गजऱ्यावर, म्हणजे काठाच्या चामड्याच्या वेणीवर, हातोडी: वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. एका घराला (गजऱ्यावरच्या वाद्यांमधल्या जागेला) ठोकलं की समोरच्या घराकडे जायचं. एकाच बाजूनं फिरत गेलात तर चाट, म्हणजे कातड्याची काठाची पट्टी, एकीकडे चढते, दुसरीकडे बसते. दिव्यांच्या उष्णतेनं कातडं चढतं, दमट हवेत उतरतं, म्हणून प्रत्येक टेकआधी तपासणी.

[दृश्य : ड्रम मशिनची बटणं; मग डग्ग्यावरचा डावा हात]

पॉप गाण्याचा चार ठोक्यांचा बार (आवर्तन) ड्रम मशिनमध्ये, म्हणजे ठोके आपोआप वाजवणाऱ्या यंत्रात, १६ खान्यांत मांडतात. केरवा तालाच्या आठ मात्रा त्यात अलगद बसतात, एका मात्रेला दोन खाने. गणित जुळतं, पण वजन जुळेलच असं नाही. मशिनची प्रत्येक मात्रा आखल्यासारखी, तर तबलजी 'ना' किंचित अलीकडे घेतो, 'धिं' किंचित रेंगाळू देतो. त्याला घट्ट मशिनवर बांधलं तर ठेका मेलेला वाटतो. मोकळं सोडलं तर मशिनचा स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) आणि चाटीचा ठोका मागेपुढे पडून एकाचे दोन ऐकू येतात. उपाय सोपा आहे. त्या जागी मशिनचा स्नेअर काढून टाकायचा आणि जागा माणसाला द्यायची.

दुसरी अडचण डग्ग्याची. मनगट दाबून काढलेला घुमकारा आणि सिंथचा बास एकाच पट्टीत दाटी करतात. दोन्ही वाढवले तर नुसती घरघर. चाटीला एक माइक, डग्ग्याला वेगळा, आणि घुमकारा येतो तिथे बासची ओळ विरळ. सतारीचं दुखणं निराळं. तिच्या तरफा, म्हणजे न छेडता गुंजणाऱ्या तारा, एका स्वरमेळात लावलेल्या असतात. खाली सिंथची कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलली तरी त्या जुनेच स्वर गुणगुणत राहतात, म्हणून काही तरफांवर कापड ठेवावं लागतं. आणि रेकॉर्डिंग झाल्यावर टेपचा वेग बदलायचा मोह टाळायचा: सहा टक्के वेग वाढला की सगळं जवळपास अर्ध्या स्वरानं वर जातं, आणि पुढच्या टेकला पुन्हा सगळी जुळवाजुळव.

इतकं सगळं ज्या हातांनी केलं, त्यांना 'पौर्वात्य रंग' म्हणून बाजूला बसवणं आम्हाला पटत नाही.

[दृश्य : तबकड्यांची रांग]

१९८३ मध्ये 'ब्लाइंड व्हिजन' दहावं, १९८४ मध्ये 'डोन्ट टेल मी' आठवं, त्याच वर्षीचा 'मांज टू' अल्बमही आठवा. १९८५ चा 'बिलीव्ह यू मी' पडला. १९८६ मध्ये जोडी फुटली.

लस्कम आणि पंडित दिनेश मात्र फुटीच्या आधीपासूनच वेगळं काही करत होते: वेस्ट इंडिया कंपनी. १९८४ च्या त्यांच्या 'आवे मारिया'साठी गायल्या आशा भोसले. आपल्याकडे आशाताईंच्या पाश्चात्त्य प्रयोगांची यादी काढताना ही तबकडी सहसा राहून जाते. खजांची भांगड्याकडे वळले. अलाप आणि हीरा या ब्रिटिश पंजाबी बँडच्या ध्वनिमुद्रणांत सिंथ, ड्रम मशिन आणि ढोलक एकत्र बसवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

२०११ मध्ये 'ब्लँक बर्न'साठी ब्लमाँजचे दोघं पुन्हा एकत्र आले. पुढे प्रकृतीमुळे लस्कम थांबले; २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं. नील आर्थर यांनी पुढचे अल्बम त्याच नावानं काढले.