पाच स्पीकर लावले आणि तीन आठवडे स्टिरिओच ऐकत बसलो

नमस्कार मंडळी! पंखा बंद केलाय त्यामुळे घाम दिसेल, चालवून घ्या, कारण विषयच आवाजाचा आहे आणि पंख्याची घरघर माइकमध्ये येते.

तर हे माझ्या मागे जे दिसतंय ना, टीव्हीखाली तीन स्पीकर, कोपऱ्यात तो काळा डबा म्हणजे सबवूफर, जाड आवाज म्हणजे बास वाजवणारा, आणि तुम्हाला दिसत नाहीयेत पण सोफ्याच्या दोन्ही बाजूंना अजून दोन, याला ५.१ म्हणतात, पाच स्पीकर आणि तो .१ म्हणजे सब. सिनेमासाठी लोक लावतातच, मी लावलंय गाणी ऐकायला. हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, अरे कान दोनच आहेत, पाच स्पीकर कशाला? मी पण हेच म्हणायचो, अगदी याच टोनमध्ये.

मग इथे पुण्यातच औंधला एका मित्राकडे गेलो होतो. त्याने जुन्या बाजारातून, म्हणजे आपला बुधवार-रविवारचा, तिथून एका लाइव्ह कॉन्सर्टची डीव्हीडी आणलेली, ती लावली. मला वाटलं आता हेलिकॉप्टर डोक्यावरून जाणार, तसलं काहीतरी. काहीच गेलं नाही. गाणं समोरच होतं, पण गाणं संपलं आणि टाळ्या माझ्या मागून आल्या, आणि मी खरंच मान वळवून बघितलं की मागे कोण आहे. मागे त्यांची कपडे वाळत घातलेली बाल्कनी होती.

तुम्ही कधी पालखीच्या दिवशी फर्ग्युसन रस्त्यावर दिंडीच्या मधोमध सापडलायत का? कडेला उभं राहिलं की टाळ एका बाजूने ऐकू येतात. आत शिरलं की डावीकडे टाळ, उजवीकडे टाळ, मृदंग पुढे कुठेतरी, मागची दिंडी वेगळाच अभंग म्हणतीये. अभंग तेच, टाळ तेच, फक्त तुमची उभं राहायची जागा बदलली. मला सराउंड म्युझिक म्हणजे एवढंच वाटतं. आणि यूट्यूबवर ते '८डी ऑडिओ' म्हणून फिरतं ना, ते हे नव्हे बरं का, तो दोनच चॅनलचा, म्हणजे डावा-उजवा असा स्टिरिओ आवाज असतो, हेडफोनमध्ये गोल गोल फिरवलेला. दहा मिनिटांत डोकं धरतं.

ही काही नवी भानगड पण नाही. १९७०च्या दशकात चार स्पीकरच्या रेकॉर्ड्स निघाल्या होत्या, क्वाड्राफोनिक म्हणायचे. पण तीन-चार पद्धती एकदम बाजारात, एकीची रेकॉर्ड दुसरीच्या मशीनवर नीट वाजेना, गिऱ्हाईक वैतागलं, संपला विषय. मग १९९९ला एसएसीडी आली, २०००ला डीव्हीडी-ऑडिओ, दोन्ही सराउंड गाण्यांच्या डिस्क, दोन्ही मस्त, पण परत दोघांची भांडणं. खरी गंमत जून २०२१ नंतर झाली, अ‍ॅपल म्युझिकने डॉल्बी अ‍ॅटमॉसमधली गाणी द्यायला सुरुवात केली आणि डिस्क शोधत फिरायची गरज उरली नाही. अ‍ॅटमॉसमध्ये फरक असा की 'हा आवाज मागच्या डाव्या स्पीकरला पाठव' एवढंच नसतं, 'हा आवाज खोलीत इथे आहे' अशी माहिती आवाजासोबत येते आणि तुमच्याकडे पाच स्पीकर आहेत का अकरा ते बघून रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अ‍ॅम्प्लिफायर, वाटणी करतो. सिलिंगला स्पीकर नसले तरी गाणं वाजतं, वरचा आवाज खालच्यांत मिसळला जातो, त्यामुळे त्यासाठी अडून बसू नका.

आता माझा मूर्खपणा. रिसीव्हर आला, स्पीकर जोडले, अ‍ॅपल टीव्हीचा डबा, म्हणजे इंटरनेटवरून गाणी-सिनेमे आणणारा, तो लावला, गाणं लावलं, पाचही स्पीकर वाजायला लागले. मी खूश! पाहुण्यांना बोलावून ऐकवलं, डोळे मिटून मान डोलवली, हे बघा अ‍ॅटमॉस. तीन आठवडे. मग एक दिवस धूळ पुसताना रिसीव्हरच्या पुढच्या डिस्प्लेकडे नीट बघितलं तर तिथे लिहिलेलं 'मल्टी चॅनल स्टिरिओ'. म्हणजे साधं दोन चॅनलचं गाणं रिसीव्हर सगळ्या स्पीकरवर सारखंच ओतत होता, लग्नाच्या हॉलमध्ये असतं तसं. अ‍ॅपल टीव्हीच्या सेटिंगमध्ये म्युझिक अ‍ॅपचा डॉल्बी अ‍ॅटमॉसचा पर्याय बंद होता, बास. तो चालू केला आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा कोरस मागे गेला आणि गायक समोर एकटा उरला. ज्या पाहुण्यांना ऐकवलं होतं त्यांना अजून सांगितलेलं नाही.

म्हणून पाचही स्पीकर वाजतायत यावर विश्वास ठेवू नका, डिस्प्ले वाचा. आणि तो अ‍ॅपल टीव्हीचा डबा टीव्हीला नाही, थेट रिसीव्हरच्या एचडीएमआयला लावा, कारण टीव्हीतून फिरवून आणलं तर बऱ्याच टीव्हींमध्ये मल्टीचॅनल आवाज वाटेतच अडकतो. ऑप्टिकल वायरवरून डीव्हीडीचं ५.१ येतं, अ‍ॅटमॉस येत नाही.

आता जागा. आमचा हॉल दहा बाय चौदा, इंटिरियरवाल्याने मागच्या स्पीकरच्या वायरी सिलिंगच्या कोपऱ्यात काढून ठेवलेल्या, कारण तिथे 'छान दिसतं'. तिथे लावले तर मागची गिटार माळ्यावर बसून वाजवल्यासारखी यायची. गाण्यासाठी मागचे स्पीकर कानाच्या उंचीला किंवा थोडे वर हवेत. मी काय केलं, मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, सोफ्यावर जिथे डोकं येतं तिथून सुतळी ताणली, टीव्हीचा मध्य म्हणजे शून्य, डावा-उजवा ३० अंशांवर आणि मागचे ११० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे. पार पाठीमागे नाही हां, इथे सगळे चुकतात. सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर दोन फूट पुढे ओढा, नाहीतर ११० अंशाला भिंतच येते. उजवीकडे आमच्या बाल्कनीचं दार, म्हणून तो स्पीकर एका उंच स्टुलावर ठेवतो, कपडे वाळत घालायच्या वेळी सरकतो, ऐकायच्या वेळी जागेवर येतो. जमिनीवर खडूची खूण केलीये, पुसू नका असं घरात सांगून ठेवलंय.

सगळे स्पीकर सारख्या अंतरावर येतच नाहीत आपल्या घरात. त्यासाठी रिसीव्हरमध्ये अंतर भरायची सोय असते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे फुटाला जवळजवळ एक मिलिसेकंद, तर जवळचा स्पीकर तेवढा थांबवून ठेवला जातो. रिसीव्हरसोबतचा माइक हे आपोआप मोजतो, फक्त तो कानाच्या उंचीला ठेवा आणि घर शांत असू दे. माझं पहिलं मोजमाप चालू असताना कुकरची शिट्टी झाली, परत करावं लागलं.

वायरीवर पैसे उडवू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत १.५ स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर मिळते, दहा मीटरला भरपूर झाली. लाल-काळं मात्र उलटं लावू नका, एक जरी स्पीकर उलटा लागला तर बास पातळ होतो आणि आपण बिचाऱ्या स्पीकरला नावं ठेवतो. आणि माझं मत विचाराल तर मागचे दोन काडेपेटीएवढे घेऊ नका. सिनेमात मागे पाऊस-वारा असतो, गाण्यात अख्खा कोरस किंवा कीबोर्ड मागे असू शकतो, त्याला अंग लागतं.

सबवूफरची जागा शोधायची युक्ती ऐकून हसाल. सब सोफ्यावर ठेवायचा, गाणं लावायचं, आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं, जिथे बास एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे नंतर सब ठेवायचा. मी रांगत होतो तेव्हा आई आतून आली, म्हणाली काय हरवलंय? मी म्हटलं बास. तिने टॉर्च आणून दिली.

त्या जागेवर ठेवल्यावर दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या, "तुमच्याकडे मिक्सर फार वेळ चालू असतो हो." बारीक आवाज भिंतीत मुरतो, जाड आवाज स्लॅबमधून सरळ खाली उतरतो. आता सबखाली जाड रबर मॅट आहे, त्याने थोडाच फरक पडला, खरा फरक पडला सबचा आवाज चार डेसिबलने उतरवल्यावर. आणि गाणं उलट जास्त चांगलं वाटायला लागलं, आधी मी जरा हावरटपणाच केला होता.

वाजवून दाखव म्हणाल, तर या व्हिडिओत शेवटी दोनच चॅनल आहेत, तुम्हाला काही कळणार नाही. थांबा, कॅमेरा तिकडे वळवतो... हा डिस्प्ले, दिसतंय? अ‍ॅटमॉस. एवढं दिसलं पाहिजे. बाकी आत्ता पावणेदोन वाजलेत, खाली काकू झोपल्या असतील, सब बंद करून एक गाणं ऐकतो मी.