सवलतीची ओळ कोण लिहितो?

श्रोतेहो, आपल्या इंदूरच्या सियागंजचा घाऊक किराणा बाजार डोळ्यांसमोर ठेवून मी सुरुवात करतो, कारण स्पर्धा कायद्यावर, म्हणजे मक्तेदारी आणि भावांतील संगनमत रोखणाऱ्या कायद्यावर, हितसंबंधी गटांची छाप कशी उमटते याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अमेरिकेतील घाऊक किराणा व्यापाऱ्यांचेच आहे. साखळी दुकाने कारखानदारांकडून थेट आणि स्वस्तात माल उचलू लागल्यामुळे हवालदिल झालेल्या या व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या वकिलानेच विधेयकाचा मूळ मसुदा तयार केला, आणि 1936 मध्ये त्यातून रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला. एकाच मालासाठी खरेदीदारांना वेगवेगळा भाव लावून स्पर्धेला बाधा आणण्यास त्याने मनाई केली. लहान व्यापाऱ्याची भीती खरी होती, हे सियागंजात कोणालाही पटेल. पण ज्या ग्राहकाला स्वस्त माल हवा होता, त्याचा वकील मसुदा लिहायला बसला नव्हता.

असे घडते, कारण लाभ मोजक्यांच्या पदरात पडतो आणि तोटा असंख्यांत वाटला जातो. सिमेंटची गोणी काही रुपयांनी महागली, तर आयुष्यात एकदाच घर बांधणारा माणूस त्यासाठी दिल्लीचे खेटे घालत नाही. कंपनीला मात्र ते परवडते. अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी 1971 मध्ये तर असे मांडले की, नियमन हे बहुधा उद्योगच मिळवतो आणि ते प्रामुख्याने त्याच्याच लाभासाठी चालते. मला हे मत थोडे टोकाचे वाटते, तरी त्यातील इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

हा प्रभाव मूळ कलमापेक्षा सवलतीत, म्हणजे कोणाला कायद्यातून वगळायचे या ओळीत, अधिक दिसतो. अमेरिकेत विमा व्यवसायाला 1945 मध्ये अशी मोठी सवलत मिळाली. आपल्या 2002 च्या स्पर्धा कायद्यातील कलम 54 नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून उद्योगांच्या एखाद्या वर्गाला कायद्यातून वगळू शकते, आणि जहाज कंपन्यांच्या एकमेकींची जहाजे सामायिक वापरण्याच्या करारांना त्याच वाटेने वेळोवेळी सूट मिळाली आहे.

प्रत्येक सवलत वाईट असते, असे मी म्हणत नाही. अमेरिकेचा 1890 चा शर्मन कायदा मक्तेदारांना आवर घालण्यासाठी होता, पण त्याचा बडगा सुरुवातीच्या काळात कामगार संघटनांवरही उगारला गेला, म्हणून 1914 च्या क्लेटन कायद्यात माणसाचे श्रम ही विक्रीची वस्तू नव्हे, असे लिहावे लागले. तिथेच 1922 मध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना संरक्षण मिळाले. माळव्यातील सोयाबीन उत्पादकांनी एकत्र येऊन भाव मागणे आणि बड्या कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवणे यांना एका तागडीत तोलणे अन्यायाचे होईल.

काळ हेही बलवानांचे हत्यार आहे. आपल्याकडे स्पर्धा कायदा राबवणाऱ्या स्पर्धा आयोगाने 2012 मध्ये सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड केला; 2015 मध्ये सुनावणीतील त्रुटीमुळे तो आदेश रद्द झाला, 2016 मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला, 2018 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अपील हा कंपन्यांचा हक्कच आहे. परंतु तेवढ्या काळात ज्याचे घर बांधून झाले, त्याचे पैसे परत येत नाहीत.

राष्ट्रीयीकृत बँकांच्या विलीनीकरणाला 2017 मध्ये कलम 54 खालीच दहा वर्षांची सूट देण्यात आली. ती मुदत 2027 मध्ये संपेल, तेव्हा वाढ कोणी मागितली आणि कोणत्या कारणांनी, हे अधिसूचनेसोबतच प्रसिद्ध व्हावे, अशी मागणी आपण खातेदारांनी आतापासूनच केली पाहिजे.