फक्त डोळे हलतात

(झिरोच्या बल्बचा उजेड. पलंगावर उताणी झोपलेली बाई. कोपऱ्यात वेळ दिसते : पहाटेचे ४.५२)

हे चित्रण माझंच आहे. कपाटावर मोबाइल टेकवून रात्रभर चालू ठेवला होता, त्यातला हा पहाटेचा तुकडा. पंखा फिरतोय. पांघरूण छातीवर हलकंसं वर-खाली होतंय. बघत राहिलात तर कंटाळाल, कारण यात काही घडतच नाही.

माझ्या बाजूने मात्र एव्हाना खोलीचं दार उघडलंय. कुणीतरी आत येऊन पायाशी थांबलंय. मग गादी दबते. आधी गुडघ्यापाशी, मग कमरेपाशी. आणि ते छातीवर येऊन बसतं. मला पंखा दिसतोय, खुर्चीवर टाकलेली ओढणी दिसतेय, म्हणजे हे स्वप्न नाही. ओरडायचंय, पण तोंड उघडत नाही. निदान करंगळी तरी हलवावी, तर करंगळी जणू माझी नाहीच.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी १९ वर्षांची होते. पुण्यात हॉस्टेलवर, परीक्षेच्या आठवड्यात. तीन रात्री धड झोप नव्हती. सकाळी रूम पार्टनरला सांगितलं, तर तिने खिडकीकडे नुसती मान वळवली. खिडकीमागे पिंपळ होता. पुढचं बोलायची गरजच नव्हती, मुंजाच्या गोष्टी दोघीही ऐकून होतो.

सुट्टीत घरी गेल्यावर आजीच्या कानावर घातलं. तिने फार चौकशी केली नाही. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि पानाच्या डब्यातला अडकित्ता माझ्या उशाखाली सरकवला. "लोखंड असलं की येत नाही."

"काय येत नाही, आजी?"

"झोप आता. रात्रीचं नाव घेऊ नये त्याचं."

त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले. घरचं अंथरूण होतं, पोटभर जेवले होते, परीक्षा संपली होती, हेही खरं. पण अडकित्त्याचं श्रेय काढून घ्यायला माझं मन आजही धजावत नाही.

(जुन्या तैलचित्राचा तुकडा : पलंगावरून खाली लोंबणारे हात)

आजीने ज्याचं नाव घेतलं नाही, त्याला जगभर नावं आहेत. जपानी लोक म्हणतात कानाशिबारी, म्हणजे धातूने जखडून टाकणं. चिनी माणूस सरळ सांगतो, भुताने पलंग दाबला. थायलंडमध्ये फी अम येतं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर येते ती एक म्हातारी, तिचं नावच ओल्ड हॅग. युरोपच्या उत्तरेकडे मारा नावाची बया झोपलेल्याच्या छातीवर बसायची. इंग्रजीतल्या 'नाइटमेअर' या शब्दात ती आजही बसलेली आहे. हेन्री फ्यूझेलीने १७८१ साली रंगवलेलं हे चित्र आता अमेरिकेत डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे. अस्ताव्यस्त पडलेली बाई, तिच्या छातीवर उकिडवं बसलेलं ध्यान, आणि पडद्याआडून डोकावणारं घोड्याचं डोकं. मी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घोड्याकडे लक्षच गेलं नाही. बाईचे लुळे हात तेवढे ओळखीचे वाटले.

त्याच्याही आधी, १६६४ साली, ईसब्रांट फान डीमरब्रुक या डच वैद्याने पन्नाशीच्या एका बाईची हकिकत लिहून ठेवली. दिवसा ठणठणीत बाई. रात्री डोळा लागतो न लागतो तोच तिला वाटायचं की सैतान अंगावर पडून दाबून धरतोय. कधी सैतानाऐवजी मोठा कुत्रा असायचा, कधी चोर. मला यातला चोर आवडतो. सैतान गोष्टींतून आला असेल, पण चोर? म्हणजे अनुभव आधी होता. कोण आलं, हे बाईचं मन नंतर ठरवत होतं.

डेव्हिड हफर्ड नावाच्या अमेरिकन लोकसाहित्याच्या अभ्यासकाने नेमकं इथेच बोट ठेवलं. १९७०च्या दशकात तो न्यूफाउंडलंडला म्हातारीच्या गोष्टी गोळा करत होता. तोवरची समजूत अशी, की माणसं गोष्टी ऐकतात आणि मग त्यांना तसले भास होतात. हफर्डला भेटलेल्या लोकांत असेही होते, ज्यांनी म्हातारीचं नावही ऐकलं नव्हतं. तरी पावलांचा आवाज तोच, छातीवरचं ओझंही तेच. विद्यार्थी असताना त्याला स्वतःलाही हा अनुभव आला होता आणि तेव्हा तो कुणाजवळ बोलला नव्हता. न बोलणारे बरेच असतात. २०११ साली ३५ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा आयुष्यात एकदा तरी हे अनुभवलेली माणसं सर्वसाधारण लोकांत शंभरात जवळपास ८ निघाली. विद्यार्थ्यांत शंभरात २८. माझ्या हॉस्टेलच्या एका मजल्यावर साठ मुली होत्या. हिशेब तुम्हीच करा. आणि पिंपळ एकच होता.

(कागदी पट्टीवर थरथरत पुढे जाणाऱ्या लेखण्या)

आता डोळ्यांकडे येऊ.

१९५०च्या सुमारास शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की हा विद्यार्थी झोपेवर काम करत होता. जवळ पैसे नव्हते, मेंदूच्या लहरी आणि डोळ्यांच्या हालचाली कागदावर उतरवणारं यंत्र जुनाट. त्याने आठ वर्षांच्या आपल्या मुलाच्या, आर्मंडच्या डोक्याला तारा लावल्या आणि त्याला झोपवलं. मध्यरात्री लेखण्या जोरजोरात हलायला लागल्या. डोळे पाखरासारखे फडफडत होते. असेरिन्स्कीला आधी वाटलं, यंत्र बिघडलं. मग वाटलं, पोरगा जागा झाला. आत जाऊन बघतो तर मुलगा गाढ झोपेत. १९५३ साली त्याने आणि त्याचे मार्गदर्शक नथॅनियल क्लाइटमन यांनी हा शोध प्रसिद्ध केला. डोळ्यांच्या झपाट्याने होणाऱ्या हालचालींवरून त्या झोपेला नाव पडलं रेम. साधारण दर ९० मिनिटांनी ती येते आणि पहाटे जास्त वेळ मुक्काम करते. ठसठशीत स्वप्नं पडतात ती बहुतेक तेव्हाच.

आणि नेमक्या तेव्हाच मेंदू शरीराला कुलूप लावतो. मेंदूच्या देठातून मज्जारज्जूकडे आदेश जातो आणि हातापायांचे स्नायू ढिले पडतात. हे कुलूप नसतं तर काय झालं असतं, हे फ्रान्समध्ये लिआँ शहरात मिशेल जूव्हे यांनी मांजरांवर पाहिलं. देठातला तेवढाच भाग निकामी केल्यावर झोपलेली मांजरं उठायची, दबा धरायची, समोर नसलेल्या भक्ष्यावर झेप घ्यायची. झोपेतच. काही माणसांतही, विशेषतः वय झाल्यावर, हे कुलूप निसटतं आणि स्वप्नातला ठोसा शेजारी झोपलेल्याला बसतो. कुलूप असतं ते आपल्याच भल्यासाठी.

माझ्या चित्रणात पहाटे ४.५२ला झालं ते एवढंच : मी जागी झाले आणि कुलूप उघडायला उशीर लागला. सेकंदांचा उशीर, फार तर काही मिनिटांचा. लंडनचे डॉक्टर किनियर विल्सन यांनी १९२८ साली याला स्लीप पॅरालिसिस हे नाव दिलं.

छातीवरच्या ओझ्याचंही उत्तर आहे. श्वासपटल कुलपातून वगळलेलं असतं, म्हणून श्वास चालू राहतो. बरगड्यांमधले स्नायू मात्र ढिले असतात. घाबरून आपण मोठा श्वास घ्यायला जातो आणि तो घेता येत नाही. आतल्या आत कुणीतरी निष्कर्ष काढतं, वजन आहे. वजन आहे म्हणजे कुणीतरी बसलंय.

खोलीत कुणीतरी आहे, ही जाणीव कुठून येते? २००६ साली स्वित्झर्लंडमध्ये अपस्माराच्या एका २२ वर्षांच्या रुग्ण मुलीच्या मेंदूत, डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या भागात डॉक्टरांनी सौम्य वीजप्रवाह सोडला. ती पूर्ण जागी होती. तिला वाटलं, मागे कुणीतरी आहे. ती आडवी झाली की तेही आडवं व्हायचं. गुडघ्यांना मिठी मारून बसली, तर त्याने तिलाच मिठी मारली होती. ही स्लीप पॅरालिसिसची रुग्ण नव्हती, पण या विषयातले संशोधक तिच्या उदाहरणाकडे वारंवार येतात. शरीर कुठे आहे याचा हिशेब ठेवणारा भाग चुकला की आपलीच सावली परकी होऊन खोलीत उभी राहते. मला हे कळलं तेव्हा हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर आणखीच शहारे आले.

(पहाटेचं धुकं. रिकामा रस्ता.)

इथवर भीतीची बाजू झाली. कुलूप लागलेलं असताना मन जागं होण्याची दुसरीही एक तऱ्हा आहे. खोलीत जाग येण्याऐवजी स्वप्नातच जाग येते. आपण स्वप्नात आहोत, हे स्वप्नात असतानाच कळतं. फ्रेडरिक फान एडन या डच मनोविकारतज्ज्ञाने १९१३ साली त्याला ल्युसिड ड्रीम म्हटलं.

स्वप्नात जागं होणं ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. तुकोबांनीच सांगून ठेवलंय की नामदेवांनी पांडुरंगाला सोबत आणून आपल्याला स्वप्नात जागं केलं आणि कवित्वाचं काम सोपवलं. गुरूपदेशही स्वप्नातलाच. त्यांनी तिथी दिली आहे, माघ शुद्ध दशमी, गुरुवार. गुरूने जेवायला पावशेर तूप मागितलं, त्याचा मात्र स्वप्नात विसर पडला, हेही प्रांजळपणे नोंदवलंय. हे प्रयोगशाळेतलं ल्युसिड ड्रीम नव्हे. तो अर्थ वेगळा आणि फार वरचा. पण पावशेर तूप विसरणं! ज्याला खरंच स्वप्न पडलं, तोच असा तपशील सांगेल.

प्रयोगशाळेतली गोष्ट वेगळी. तिथे अडचण अशी, की झोपलेला माणूस 'मी स्वप्नात जागा आहे' असं सांगणार कसा? तोंड बंद, हात बंद. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या लक्षात आलं की डोळे बंद नाहीत. स्वप्नात ठरवून डावीकडे-उजवीकडे पाहिलं, तर पापण्यांखालचे खरे डोळेही तसेच वळतील. १२ एप्रिल १९७५च्या सकाळी अ‍ॅलन वर्स्ली नावाचा स्वप्नाळू, हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा, रेम झोपेत होता. आणि कागदावर ठरलेली खूण उमटली. डावं, उजवं, डावं, उजवं. स्वप्नातून बाहेर आलेली पहिली तार.

पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच करून दाखवलं. मग माणसं स्वप्नात जाऊन दहा अंक मोजू लागली, उठाबशा काढू लागली. मोजायला लागणारा वेळ जागेपणीइतकाच निघाला. उठाबशांना मात्र जास्त वेळ लागतो. का, ते ठाऊक नाही, पण व्यायामाचा कंटाळा तिथेही सुटत नसावा.

२०२१ साली अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स या चार देशांतल्या प्रयोगशाळांनी उलटा प्रवास केला. झोपलेल्याला बाहेरून प्रश्न विचारले. आठातून सहा गेले, किती उरले? एका तरुणाने झोपेतच डोळे दोनदा डावी-उजवीकडे फिरवले. दोन. जाग आल्यावर एकाने सांगितलं, की प्रश्न त्याला गाडीतल्या रेडिओवरून ऐकू आला होता. याने फार हुरळून जाऊ नये. १५८ प्रयत्नांपैकी पाचव्या हिश्शालाही बरोबर उत्तर मिळालं नाही, बहुतेक वेळा उत्तरच आलं नाही. तरी शाळेत झोपेत गणित सोडवतोस का म्हणून ओरडा खाल्लेल्या प्रत्येकाला यात थोडा न्याय आहेच.

हे शिकता येतं. दिवसातून काही वेळा लिहिलेली ओळ वाचायची, नजर हटवायची, परत वाचायची. स्वप्नात अक्षरं बदलतात. सवय लागली की स्वप्नातही आपण तपासून बघतो. काहीजण पहाटे गजर लावून उठतात आणि परत झोपतात. मीही केलं. दोन आठवड्यांत एकदा स्वप्नात जाग आली. आणि त्याच दोन आठवड्यांत छातीवरचा पाहुणा तीनदा येऊन गेला. झोप तोडली की तो येतोच, उताणं झोपलं की जास्त येतो. शिफ्टची नोकरी करणाऱ्यांना हे सांगायला नको. ज्यांना जागेपणीही भास होतात, त्यांनी या वाटेला जाऊ नये. आणि याच्या जोडीला दिवसा आवरत नाही अशी झोप येत असेल, हसताना गुडघे अचानक गळत असतील, तर अडकित्ता पुरणार नाही, झोपेच्या डॉक्टरांकडे जावं लागेल.

(पुन्हा तेच चित्रण. पहाटेचे ४.५२.)

आता हा तुकडा परत बघा. या रात्री मी ठरवून झोपले होते, की तो आला तर झटापट करायची नाही. अंग सोडून द्यायचं आणि जे आपलं आहे तेवढंच हलवायचं.

पंखा फिरतोय. पांघरूण वर-खाली होतंय. आता चित्र जवळ घेऊ. पापण्या अर्धवट उघड्या आहेत.

डावं. उजवं. डावं. उजवं.

तो अजून छातीवरच बसलाय. ४.५३ला मी कुशीवर वळते, उशाखाली हात घालते, आणि झोपून जाते.