भर दुपारची भीती

'शिकी' ज्यांनी पाहिलेली नाही त्यांची आधीच माफी मागतो. शेवट सांगितल्याशिवाय या मालिकेबद्दल मला काही बोलताच येणार नाही.

फुयुमी ओनो यांची मूळ कादंबरी १९९८ची. तिच्यावरून र्‍यू फुजिसाकी यांनी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढली आणि २०१०मध्ये तेत्सुरो आमिनो यांच्या दिग्दर्शनाखाली २२ भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, आली. पात्रांचे केस बघून पहिल्यांदा हसू येतं, मलाही आलं होतं. तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत ते जातं.

गावाचं नाव सोतोबा. बौद्ध थडग्यामागे जी उभी, नक्षीदार कडांची लाकडी फळी रोवतात, तिला जपानीत सोतोबा म्हणतात. चहूबाजूंनी फरची झाडी, आणि त्याच लाकडाच्या या फळ्या करणं हा गावाचा जुना धंदा. 'या गावाला मरणानं वेढलंय' असं तिथला तरुण भिक्षू सेइशिन लिहितो, तेव्हा तो नुसता अलंकार नसतो. जपानमध्ये आज जवळपास सगळीकडे दहन होतं. सोतोबात मात्र अजून पुरतात. सगळी गोष्ट या एका रिवाजावर उभी आहे, कारण इथले मेलेले रक्त पिणारे होऊन उठतात, आणि देह शिल्लक असेल तरच तो उठणार. आपण जाळतो, म्हणून आपलं भूत बहुधा बिनदेहाचं असतं, झाडाला धरून असतं किंवा कुणाच्या तरी अंगात येतं. सोतोबातलं भूत मेलेल्या माणसाच्याच चेहऱ्यानं आपल्या घरी परततं. आणि आतून कुणी 'ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. आता सांगा, दारात आपलाच गेलेला मुलगा उभा असेल तर 'ये' कोण म्हणणार नाही?

मालिकेचा पूर्वार्ध मुद्दाम संथ आहे. टेकडीवरच्या वाड्यात किरिशिकी कुटुंब राहायला येतं. उन्हाळा आहे, माणसं मरतायत. गावचा डॉक्टर तोशिओ ओझाकी याला आधी साथच वाटते. तो रक्ताचे अहवाल बघतो, नोंदी ठेवतो, ॲनिमिया म्हणतो. रातोरात बिऱ्हाडं हलतात, आणि माणूस गेला की गाव सोडून गेला तेच कळेनासं होतं. किंचाळ्या जवळजवळ नाहीत. असतात त्या प्रेतयात्रा, एकामागून एक, आणि त्यांना जायचा कंटाळा आलेली माणसं. हा कंटाळा दाखवणं मला फार धाडसाचं वाटतं.

मग क्योकोचा प्रसंग येतो. तोशिओची बायको मरते. ती उठेल हे ओळखून तो तिला पुरत नाही, दवाखान्यात ठेवतो आणि वाट बघतो. ती उठते तेव्हा टेबलाला बांधलेली असते, तोंड बंद केलेलं. तो तिच्यावर एकेक प्रयोग करत जातो, कशानं मरते, कशानं मरत नाही, आणि शेवटी छातीत मेख ठोकतो. गाव वाचवायचं तर ही माहिती हवीच होती, हे अगदी खरं आहे. म्हणूनच तो प्रसंग बघवत नाही. तोशिओ वेडा असता तर आपली सुटका होती. सेइशिन, त्याचा लहानपणापासूनचा मित्र, हे बघतो आणि त्याच्यापासून दूर होतो. मी हा प्रसंग दोनदा पाहिला. पहिल्यांदा मला तोशिओ बरोबर वाटला. दुसऱ्यांदाही वाटला, पण त्या वाटण्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या, म्हणजे उठलेल्यांच्या बाजूलाही मोकळं कुणी नाही. मरून उठलेल्या तोरूला आपल्याच मित्राचं, नात्सुनोचं रक्त प्यावं लागतं. नाही म्हटलं तर घरच्यांवर बेतेल असा धाक असतो, आणि तो रडत रडत ते करतो. वाड्यातली छोटी सुनाको कुणी तरी चावल्यामुळे अशी झाली, तिनं मागून घेतलेलं नाही. माणसाच्या रक्तावाचून ती जगूच शकत नाही. 'मग तिनं मरावं' असं म्हणायला सोपं जातं. परिचारिका रित्सुको तेच करते. उठल्यावर समोर माणूस ठेवलेला असतो, भूक असह्य असते, तरी ती तोंड लावत नाही. आणि गावकरी तिलाही मारतात. मेख ठोकणाऱ्याला ती कोणती, हे विचारायला वेळ नसतो.

भय हे रात्रीचं, असं आपण धरून चालतो. 'शिकी'तलं सगळ्यात भयंकर काम दिवसाउजेडी होतं. उत्सवात तोशिओ सगळ्यांदेखत पहिला पुरावा देतो, आणि त्यानंतर गाव कामाला लागतं, सुगीला लागावं तसं. कुणी शोधायचं, कुणी ओढून बाहेर काढायचं, कुणी ठोकायचं, प्रेतं एका जागी जमा करायची. शहरात जाण्याची स्वप्नं बघणारी मेगुमी, जिच्या मरणानं मालिका सुरू झाली होती, तिला ट्रॅक्टरखाली चिरडतात. चिरडणारे तिला लहानपणापासून ओळखणारे शेजारी. मला इथं पटकथेचं कौतुक वाटतं ते असं, की कुणी गर्जना करत नाही. शेतावरचं काम जसं हात सरावले की सोपं जातं, तसं हेही जातं.

अखेरीस आग लागते आणि सोतोबा जळून जातं. ज्या गावासाठी तोशिओनं बायकोला टेबलावर घेतलं, ते गाव राहत नाही. सेइशिन तोवर माणूस उरलेला नाही. तो सुनाकोला घेऊन, गाडीतून, डोंगराबाहेर निघून जातो.