लेन्सपुढची काळी काच

[दृश्य : भर दुपारी खडकांवर फुटणाऱ्या लाटा]

ऊन माथ्यावर आहे आणि या खडकांवर लाटा सारख्या फुटत आहेत. अशा उन्हात छायाचित्रकाराच्या हाती फारशी निवड उरत नाही. आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता) १०० आणि ॲपर्चर (लेन्सचे छिद्र, आकडा मोठा तितके ते लहान) एफ ११ ठेवले, तर शटर सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागापुरतेच उघडता येते आणि लाटेचा जवळजवळ प्रत्येक थेंब जागच्या जागी थिजतो. ॲपर्चर एफ २२ पर्यंत बारीक केले, तरी मजल सेकंदाच्या पन्नासाव्या भागापर्यंतच जाते. शिवाय एवढ्या लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होऊन, म्हणजे तो किंचित पसरून, चित्राचा रेखीवपणा कमी होतो. पाणी खडकाला वळसा घालून कसे ओसरते, ती सगळी वाट एकाच चित्रात उमटवायची असेल, तर शटर काही सेकंद उघडे राहायला हवे. तो वेळ न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजेच एनडी फिल्टर, ही लेन्सपुढे लावायची प्रकाश अडवणारी काळी काच, मिळवून देतो.

[दृश्य : दागेर यांनी टिपलेला पॅरिसचा रस्ता]

छायाचित्रणाच्या आरंभी असा वेळ मागावा लागत नव्हता, तो द्यावाच लागत असे. १८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसमधील बुलवार द्यु ताँप्ल हा रस्ता टिपला, तेव्हा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास काही मिनिटे लागली. रस्त्यावर वर्दळ होती, पण चालती माणसे आणि धावत्या गाड्या पत्र्यावर उमटल्याच नाहीत. खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ जी मानवाकृती दिसते, ती बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेल्या माणसाची आहे. पुढे प्रकाशाला झटपट प्रतिसाद देणाऱ्या फिल्म आल्या, त्यानंतर डिजिटल कॅमेऱ्यांतले सेन्सर आले, आणि दागेर यांना जे टाळता येत नव्हते तेच दिवसाच्या प्रकाशात अशक्य होऊन बसले. एनडी फिल्टरचे मोल मला इथे वाटते : काळाची ही लांबी तो छायाचित्रकाराच्या इच्छेवर सोपवतो.

[दृश्य : पांढऱ्या कापडावर मांडलेले फिल्टर]

उत्तम एनडी फिल्टर सर्व रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात अडवतो, त्यामुळे चित्रातले रंग जसेच्या तसे राहतात. त्याच्या कडेवरचे आकडे मात्र दोन पद्धतींनी लिहिलेले असतात आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. एनडी ८ म्हणजे प्रकाशाचा आठवा भाग आत येतो. त्याच काचेवर दुसरा उत्पादक ०.९ लिहितो, कारण तो लॉगॅरिदमच्या मापाने मोजतो. या मापात प्रत्येक ०.३ म्हणजे एक स्टॉप, म्हणजेच प्रकाश निम्मा. त्या हिशेबाने १.८ म्हणजे सहा स्टॉप आणि ३.० म्हणजे दहा स्टॉप. या शेवटच्या काचेतून प्रकाशाचा साधारण हजारावा भागच पार होतो, म्हणून सेकंदाच्या दोनशेव्या भागाचे एक्स्पोजर पाच सेकंदांचे होते.

[दृश्य : ट्रायपॉड, लेन्सवर फिल्टर चढवणारे हात]

हे हात जो क्रम पाळत आहेत, तो लक्षपूर्वक पाहावा. चौकट फिल्टर लावण्याआधीच ठरवली आहे, फोकस साधून ऑटोफोकस बंद केला आहे, कारण दहा स्टॉपच्या काचेआडून ऑटोफोकस बहुधा चाचपडत राहतो. फिल्टरविना मोजलेले एक्स्पोजर टिपून घेतले आहे, आणि आता काच अलगद फिरवली जात आहे, म्हणजे फोकसचे कडे जागचे हलणार नाही. डीएसएलआर (आतल्या आरशातून दृश्य दाखवणारा कॅमेरा) असल्यास व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, झाकून घ्यावा. तिथून शिरणारा प्रकाश एरवी जाणवत नाही, दीर्घ एक्स्पोजरमध्ये मात्र चित्र बिघडवू शकतो. शटरचे बटण बोटाने न दाबता रिमोट वापरला आहे. तीस सेकंदांहून अधिक वेळ हवा असल्यास बहुतेक कॅमेऱ्यांवर बल्ब मोड (यात आपण थांबवेपर्यंत शटर उघडे राहते) लावून वेळ स्वतः मोजावा लागतो.

[दृश्य : एकाच जागेची दोन चित्रे, शेजारी शेजारी]

काच हलक्या प्रतीची असेल, तर ती दृश्य प्रकाश अडवते, पण डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांना बऱ्यापैकी वाट देते, आणि गडद भागांवर तांबूस झाक चढते. डावीकडच्या चित्रात ती दिसते. आणि एक बजावून सांगायला हवे : अशा फिल्टरमधून डोळ्यांनी सूर्याकडे कधीही पाहू नये, दृष्टीला कायमची इजा होऊ शकते.

[दृश्य : उन्हात चालणारी माणसे, दोन प्रकारे चित्रित]

चलचित्रणात ही काच आणखी निकडीची ठरते. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) घेताना शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाजवळ ठेवण्याचा प्रघात आहे, कारण तेवढ्या वेळात चालत्या पायांवर येणारा किंचित अस्पष्टपणा डोळ्याला सहज वाटतो. आयएसओ १०० आणि एफ २.८ ठेवल्यास हेच ऊन सेकंदाचा ३२००वा भाग मागते आणि चाल तुटक दिसू लागते. सहा स्टॉपचा फिल्टर शटरला पुन्हा पन्नासाव्या भागावर आणतो. ढग ये-जा करत असतील, तर व्हेरिएबल, म्हणजे गडदपणा बदलता येणारा एनडी सोयीचा. त्यात दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेच्या कंपनांचा प्रकाश जाऊ देणाऱ्या काचा, एकमेकांवर फिरतात आणि कोनानुसार प्रकाश कमी-जास्त होतो, मात्र रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड अँगल लेन्सवर तो जास्त गडद केला की चित्रात फुलीच्या आकाराची सावली उमटते.

हाच परिणाम संगणकावर साधता येतो, असे आता सांगितले जाते. अनेक लहान एक्स्पोजरची सरासरी काढली की पाणी खरोखरच मऊ दिसते, हे मान्य करायला हवे. पण दोन चित्रांच्या मधल्या अंतरात जे घडले ते कुठेच नोंदले जात नाही, आणि वेगाने सरकणाऱ्या वस्तूच्या मागे सलग रेषेऐवजी तुटक ठसे राहतात. चलचित्रणात तर प्रत्येक चौकटीतला अस्पष्टपणा नंतर तयार करणे म्हणजे पावलाची हालचाल अंदाजाने भरणे. म्हणूनच व्यावसायिक व्हिडिओ कॅमेऱ्यांत एनडी फिल्टर लेन्सच्या मागे, आतच बसवलेले असतात. लेन्स बदलता येणाऱ्या छायाचित्रण कॅमेऱ्यांत ही सोय अजूनही क्वचितच मिळते. ती सर्रास मिळायला हवी.